कॅप्टन रूपसिंग : झाशीचा खेळाडू, ग्वाल्हेरचे नाव

२४ फेब्रुवारी २०१०चा दिवस आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात असेल. ज्यांना तिकीट मिळाले ते मैदानात होते, बाकीचे घरच्या नाहीतर दुकानातल्या टीव्हीसमोर. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या शेवटच्या षटकात सचिन तेंडुलकरने पॉइंटच्या दिशेने चेंडू ढकलून एक धाव काढली आणि पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक आपल्या गावात पूर्ण झाले. लष्करातल्या मराठी घरांमध्ये तर आपल्याच घरातल्या मुलाने पराक्रम केल्यासारखे पेढे वाटले गेले. त्या संध्याकाळी जगभरच्या वाहिन्यांवर एक नाव पुन्हा पुन्हा येत होते : कॅप्टन रूपसिंग स्टेडियम, ग्वाल्हेर.

हे कॅप्टन रूपसिंग कोण, असा प्रश्न बाहेरच्या पुष्कळांना पडला असेल. कुणाला वाटले असेल जुने क्रिकेटपटू, कुणाला वाटले असेल युद्धात कामी आलेले अधिकारी. बाहेरच्यांचे सोडा, आपल्याच तरुण पिढीला विचारले तर दहातले आठ जण ध्यानचंदांचे भाऊ एवढेच सांगतील. ते खरेच आहे. फक्त तेवढ्यावर थांबले की एका फार मोठ्या खेळाडूची ओळख दुसऱ्याच्या नावावर संपते. यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले, त्याचे कारण हेच.

रूपसिंगांचा जन्म सप्टेंबर १९०८चा, जबलपूरचा. घराणे बैस राजपुतांचे. वडील समेश्वरदत्त सिंह इंग्रजांच्या फौजेत होते आणि स्वतःही हॉकी खेळत. फौजेतल्या माणसाचे बिऱ्हाड बदलीबरोबर गावोगाव फिरायचे. थोरले ध्यानचंद १९०५ साली प्रयागला जन्मले, धाकटे रूपसिंग जबलपूरला. शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावले. सरकारकडून तिथे घरापुरती जागा मिळाली आणि झाशी हेच या घराचे गाव झाले.

झाशी म्हटले की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवतात, आणि ते साहजिकच आहे. १८५८ साली राणीसाहेब ज्या वाटेने अखेरीस ग्वाल्हेरला आल्या त्या वाटेवरची ही दोन्ही गावे आपल्या मनात कायमची जोडलेली आहेत. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची झाशी निराळीच होती. एका बाजूला मोठी छावणी, दुसऱ्या बाजूला जी.आय.पी. रेल्वेचे जंक्शन आणि कारखाना. गोरे सोजीर, हिंदी पलटणी, रेल्वेतले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, कारखान्यातले फिटर अशी सगळी वस्ती. मध्य हिंदुस्थानात हॉकी जिथे जिथे रुजली ती गावे आठवून पाहा : झाशी, महू, इटारसी, भोपाळ. कुठे छावणी आहे, कुठे रेल्वे आहे, कुठे हॉकीचा शौक असलेला संस्थानिक आहे. क्रिकेटला गादीसारखी खेळपट्टी, पॅड, बॅटी आणि अख्खा दिवस लागे. हॉकीला सपाट जमीन, वाकडी काठी आणि संध्याकाळचे दोन तास पुरत. कामावरून सुटलेल्या माणसाचा हा खेळ होता.

अशा गावात अशाच माणसांचा एक क्लब उभा राहिला, झाशी हीरोज. पगारी खेळाडू ही कल्पनाच त्या काळी हॉकीत नव्हती. कुणी फौजेत, कुणी रेल्वेत, कुणी आणखी कुठे नोकरी करायचा, आणि रजा मिळाली की क्लबसाठी खेळायचा. ज्या मैदानावर हे लोक खेळत ते सीपरी बाजाराजवळचे मैदान आजही हीरोज ग्राउंड म्हणूनच ओळखले जाते.

दोघा भावांविषयी एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ध्यानचंद १९२२ साली दिल्लीला ब्राह्मण पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले. हॉकीचे धडे त्यांना पलटणीतल्या सुभेदार-मेजर बाळे तिवारींनी दिले. तेव्हा रूपसिंग चौदा वर्षांचेही नव्हते. म्हणजे ज्या वयात धाकटा भाऊ थोरल्याचे बोट धरून खेळ शिकतो, त्या वयात थोरला छावण्यांमध्ये होता, सरहद्दीवर होता, १९२६ साली न्यूझीलंडला आणि १९२८ साली ॲमस्टरडॅमला होता. पुढे जगाने या दोघांना हॉकीचे जुळे म्हटले, पण शिकण्याच्या वर्षांत ते सहसा एकत्र नव्हतेच. एक पलटणीत तयार झाला, एक झाशीत.

खेळही दोघांचा वेगळा होता. ध्यानचंद सेंटर फॉरवर्ड, चेंडू काठीला चिकटल्यासारखा वागवणारे, योग्य क्षणी अलगद सोडून देणारे. रूपसिंग लेफ्ट इन, आणि त्यांची ख्याती होती जोरकस फटक्याची. तो फटका इतका कडक असे की समोरच्याला दुखापत होईल म्हणून ध्यानचंद त्यांना जपून मारायला सांगत, अशी आठवण जुन्या मंडळींकडून ऐकायला मिळते.

आता लेफ्ट इन म्हणजे काय हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवे, कारण आजच्या हॉकीत ती जागा त्या नावाने उरलेली नाही. त्या काळी पाच जण आघाडीला खेळत. मधला सेंटर फॉरवर्ड, कडेचे दोन आऊट, आणि त्यांच्यामधले दोन इन. इनचे काम दुहेरी. मागे येऊन हाफकडून चेंडू घ्यायचा, पुढे न्यायचा, मधल्याला किंवा कडेच्याला पुरवायचा आणि मग स्वतःही धावत डीमध्ये पोचायचे. त्यात डाव्या बाजूची अडचण निराळी. हॉकीच्या काठीला सपाट बाजू एकच, त्यामुळे चेंडू डावीकडे मारणे सोपे आणि उजवीकडे मारणे कठीण. डावीकडून आत शिरणाऱ्याला गोल उजव्या हाताला दिसतो. म्हणजे धावता धावता पाय चेंडूच्या पुढे काढायचे, कंबरेतून अंग वळवायचे आणि मग मारायचे. एवढे करून फटका कडक ठेवणे ही सोपी गोष्ट नाही. रूपसिंगांचे मोठेपण आधी इथे आहे, आकड्यांत नंतर.

आकडे मात्र डोळे दिपवणारे आहेत. १९३२च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी संघ निवडायला आंतरप्रांतीय स्पर्धा भरवली गेली. ध्यानचंदांना पलटणीने रजा दिली नाही, तरी त्यांची निवड न खेळताच झाली, कारण १९२८ नंतर त्यांची परीक्षा घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. बाकी सगळ्यांना मैदानावर खेळून जागा मिळवावी लागली. स्पर्धा पंजाबने जिंकली आणि पंजाबचे सात जण संघात आले. तेवढ्या गर्दीतून झाशीचा हा तरुण लेफ्ट इन म्हणून निवडला गेला. थोरल्या भावाच्या वशिल्याने, असे म्हणायला जागाच नव्हती, कारण भाऊ तिथे हजरच नव्हता.

निवड झाली आणि रूपसिंग जायला तयार होईनात, अशी गोष्ट सांगतात. कारण एवढेच की चारचौघांत घालण्याजोगे कपडे नव्हते. शेवटी ध्यानचंदांनी पदरच्या पैशांनी कापड घेतले, सूट शिवून घेतला आणि भावाला बोटीवर चढवले. रूपसिंगांना नीटनेटक्या पोशाखाची हौस होती, हेही याच्याबरोबर सांगितले जाते. मला ही गोष्ट खरी वाटते. बेताच्या प्राप्तीतल्या घरातला टापटिपीचा मुलगा अशाच कारणावरून अडून बसतो.

संघाचा प्रवासही त्या घरासारखाच काटकसरीचा होता. जगभर मंदी होती, हॉकी फेडरेशनच्या तिजोरीत खडखडाट होता. जाताना येताना सामने खेळायचे, त्यातून खर्च भागवायचा, असा हिशेब. सिलोनमध्ये दोन सामने खेळून एकात वीस आणि दुसऱ्यात दहा गोल केले, ३० मे रोजी बोट निघाली आणि ६ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोला लागली. सव्वा महिना पाण्यावर.

मंदीमुळे आणि अंतरामुळे युरोपातले संघ अमेरिकेला गेलेच नाहीत. हॉकीत उरले तीन : भारत, जपान आणि यजमान अमेरिका. ४ ऑगस्टला जपानविरुद्ध ११-१, त्यात रूपसिंगांचे तीन गोल. ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध २४-१. या सामन्यात ध्यानचंदांनी आठ गोल केले आणि रूपसिंगांनी दहा. गुरमीतसिंगांचे पाच, पिनिगरचा एक. दोन सामन्यांत भारताचे पस्तीस गोल झाले, त्यांतले पंचवीस या दोन भावांचे : ध्यानचंद बारा, रूपसिंग तेरा. अमेरिकेचा तो एकुलता एक गोल झाला तेव्हा आपला गोलरक्षक ॲलन गोलामागे उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांना सह्या देत होता, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, सामन्याचा रंग त्यावरून कळतो.

इथे मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. रूपसिंगांविषयी जे काही लिहिले जाते त्यात हे दहा गोल पहिल्या ओळीत असतात. पण तो अमेरिकेचा संघ नवशिका होता. दोन्ही सामने हरून त्यांना तिसरा क्रमांक मिळाला, कारण चौथा संघच नव्हता. अशा संघाविरुद्धच्या दहा गोलांवर एखाद्याचे मोठेपण तोलणे हा त्या खेळाडूवरच अन्याय होतो. त्या निकालात एकच गोष्ट माझ्या मते महत्त्वाची आहे. ज्याचे काम चेंडू पुरवायचे, त्या इनने जगातल्या सर्वांत मोठ्या सेंटर फॉरवर्डपेक्षा दोन गोल जास्त केले, आणि त्या सेंटर फॉरवर्डने ते होऊ दिले. चेंडू बहुतेक वेळा ध्यानचंदांच्या काठीवरूनच जाई. मनात आणले असते तर ते आकडे उलटे झाले असते.

ऑलिंपिक संपल्यावरही संघ घरी आला नाही. अमेरिकेत पुन्हा एक सामना झाला. त्यात आपला दुसरा गोलरक्षक हिंद याला अर्ध्या वेळासाठी त्यांना उसना दिला, तरी पुन्हा २४-१. मग न्यूयॉर्कहून इंग्लंड, तिथून पंधरवड्यात युरोपात नऊ सामने, मग सिलोन, मग हिंदुस्थानात गावोगाव. एकूण ३७ सामने, ३४ विजय, दोन बरोबरीत, एक अर्धवट राहिलेला. ३३८ गोल, त्यांतले १३३ ध्यानचंदांचे. हे सगळे उसन्या पैशांवर, आणि ते फेडण्यासाठी.

झाशीला परत आल्यावर जे घडले ते मला ऑलिंपिकपेक्षा अधिक मोलाचे वाटते. १९३३ साली झाशी हीरोजचा संघ कलकत्त्याला बायटन चषक खेळायला गेला. बायटन चषक १८९५ पासूनचा. मुंबईचा आगाखान चषक आणि कलकत्त्याचा बायटन म्हणजे त्या काळच्या हॉकीची काशी-रामेश्वरच. कलकत्ता हे हॉकीचे माहेरघर आणि तिथला कस्टम्सचा संघ म्हणजे घरचा राजा. शौकत अली, असद अली, डीफोल्ट्स, सीमन, मोहसीन अशी त्या वेळच्या पहिल्या फळीतली नावे त्यांच्याकडे होती. झाशीकडे ध्यानचंद, रूपसिंग आणि मुंबईत जी.आय.पी. रेल्वेकडून खेळणारे इस्माईल. बाकी सगळी गावातली तरुण पोरे, ज्यांची नावे कलकत्त्यात कुणी ऐकलेली नव्हती.

अंतिम सामना या दोन संघांतच झाला. बराच वेळ खेळ कस्टम्सचाच होता आणि झाशीचा गोल कधीही पडेल अशी स्थिती होती. दोघे ऑलिंपिकवीर आहेत म्हणजे समोरच्याचा धुव्वा उडेल ही कल्पना इथे चालत नव्हती. इथे समोर लॉस एंजलिसचे हौशी अमेरिकन नव्हते. आणि अशात एकदा ध्यानचंदांनी मध्यभागातून मुसंडी मारली आणि लांब पास दिला. इस्माईल अर्धे मैदान धावत सुटले. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कुणी घ्यायचा याचा क्षणभर घोळ झाला, आणि तेवढ्यात इस्माईलनी चेंडू गोलात घातला. झाशी १, कस्टम्स ०.

दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या आणि पुढे तिसरे मिळवणाऱ्या ध्यानचंदांनी आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना म्हणून याच सामन्याचे नाव नंतर आत्मचरित्रात नोंदवले आहे. ऑलिंपिकचा एकही सामना त्यांनी त्या जागी ठेवला नाही. रूपसिंगांच्या नावावर त्या दिवशी गोल नाही. पण ज्या सामन्यात सतत मागे रेटले जावे लागते, त्यात इनच्या जागेवरच्या माणसाने किती पळायचे, हाफच्या मदतीला किती वेळा यायचे, हे खेळ पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. हौशी क्लबची खरी परीक्षा अशाच दिवशी होते. त्याच फेरीत झाशीने कलकत्त्यात लक्ष्मीविलास चषकही जिंकला, आणि १९३५ साली क्लबने बायटन पुन्हा झाशीला आणला.

१९३५च्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया दौऱ्यातही रूपसिंग होते. ४८ सामने, ५८४ गोल, अंगावर फक्त ४०, आणि एकही पराभव नाही. या दौऱ्यातल्या गोलांचा हिशेब मांडत बसले तर पान पुरणार नाही, म्हणून पुढे जातो.

बर्लिनची गोष्ट मात्र सावकाश सांगण्याजोगी आहे, कारण तिथे समोर खरा प्रतिस्पर्धी होता. १९३६च्या संघाचे नेतृत्व ध्यानचंदांकडे होते. निघण्याआधी दिल्लीत जमलेला संघ दिल्लीच्याच निवडक खेळाडूंकडून ४-१ असा हरला. सुरुवातच अशी. मार्सेयहून बर्लिनपर्यंतचा प्रवास रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने झाला. १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला आणि त्यातही आपण ४-१ हरलो. सारे हबकले. पंकज गुप्ता यांनी ताबडतोब तार करून दारा यांना बोलावून घेतले. ते विमानाने आले, पण पोचेपर्यंत १० ऑगस्ट उजाडला होता.

तोवर हंगेरीविरुद्ध ४-०, अमेरिकेविरुद्ध ७-०, जपानविरुद्ध ९-० असे सामने झाले होते. उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १०-०. तरीही तो सरावातला पराभव कुणाच्या डोक्यातून गेला नव्हता. अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता, पावसामुळे तो १५ तारखेला गेला. मैदान ओले. खेळायला उतरण्याआधी खोलीत पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केले, मग संघ युनियन जॅकखाली मैदानात गेला. त्या संघाच्या हाफच्या फळीत पुण्याचे बाबू निमल होते, हे मराठी वाचकांना सांगायला हवे. लॉस एंजलिसला गेलेल्या जुन्यांपैकी ॲलन, टॅपसेल, ध्यानचंद आणि रूपसिंग या संघात होते.

पूर्वार्धात जर्मनांनी भारताला अडवून धरले. ध्यानचंदांभोवती त्यांनी माणसे उभी केली होती, ओल्या गवतावर चेंडू अडत होता, आपले नेहमीचे छोटे पास तुटत होते. तीस मिनिटे होऊन गेली तरी कोरी पाटी. त्या काळी अर्धा डाव पस्तीस मिनिटांचा असे. ३२व्या मिनिटाला अवघड कोनातून रूपसिंगांनी चेंडू गोलात मारला. मध्यंतराला १-०.

उत्तरार्धात काय झाले ते सगळ्यांना पाठ आहे. ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले आणि भारताने सात गोल केले. ८-१. हिटलरने ध्यानचंदांना फौजेत मोठा हुद्दा देऊ केला वगैरे गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. त्या किती खऱ्या याचा वाद घालणारे घालोत. मला फक्त एवढेच म्हणायचे आहे की तो सात गोलांचा पाऊस सुरू व्हायच्या आधी जो एक गोल लागत होता आणि होत नव्हता, तो रूपसिंगांनी केला. अमेरिकेविरुद्धचे दहा आणि हा एक असे दोन पारड्यांत घातले तर मी हा एक निवडीन.

त्यानंतर ऑलिंपिक झालेच नाही. १९४० आणि १९४४ महायुद्धात बुडाले. बर्लिनला रूपसिंग २७ वर्षांचे होते. पुढची लंडन स्पर्धा आली तेव्हा ते चाळिशीला पोचले होते. दोन ऑलिंपिक, दोन सुवर्णपदके, तिथे त्यांचा हिशेब बंद झाला.

मग ते ग्वाल्हेरात कसे आले? त्याचे उत्तर त्या काळच्या हौशी खेळाच्या रचनेतच आहे. खेळाचे पैसे मिळत नसत, पण खेळाडूला नोकरी मिळे. फौज, रेल्वे आणि संस्थाने हेच खेळाडूंचे पोशिंदे होते. शिंदे सरकारांना हॉकीचे वेड होते आणि ग्वाल्हेरचे नाव या खेळात आधीपासून मोठे होते. भारतीय हॉकी फेडरेशनची स्थापना ७ नोव्हेंबर १९२५ रोजी झाली ती मुंबई-कलकत्त्याला नव्हे, आपल्या ग्वाल्हेरला, हे आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक असते. ॲमस्टरडॅमला संघ गेला तो याच फेडरेशनमुळे. सिंदिया गोल्ड कप स्पर्धेला देशभरचे संघ इथे येत. अशा दरबारात रूपसिंगांना जागा मिळाली. ते शिंद्यांच्या लष्करात दाखल झाले, कॅप्टन झाले आणि तो हुद्दा त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. झाशी ते ग्वाल्हेर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. गाव सोडले, पण मुलूख सुटला नाही.

१९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, संस्थानी फौजेची ती जुनी व्यवस्था गेली आणि तिच्याबरोबर खेळाडूंना मिळणारा आश्रयही आटला. त्याच वर्षी लंडनला भारतीय संघाचे नेतृत्व महूच्या किशनलाल यांनी केले. पुढे महूचेच शंकर लक्ष्मण तीन ऑलिंपिकमध्ये गोल राखत उभे राहिले, १९६४च्या टोकियोच्या सुवर्णसंघात बेळगावचे बंडू पाटील होते. आपल्या मुलखातून माणसे जातच राहिली. रूपसिंगांनी हे सगळे पाहिले. १९६० साली रोमला सुवर्ण हुकलेलेही पाहिले. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे अशोककुमार हे त्यांचे पुतणे, ध्यानचंदांचे चिरंजीव. आणि दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर गेली. गवतावरची आपली सगळी कारागिरी त्या गालिच्यावर उघडी पडली आणि भारत सातवा आला.

१६ डिसेंबर १९७७ रोजी कॅप्टन रूपसिंग गेले. दोन वर्षांनी, ३ डिसेंबर १९७९ला, ध्यानचंद गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाशीच्या हीरोज ग्राउंडवरच झाले.

थोरल्या भावाचा सन्मान देशाने केला आणि तो योग्यच झाला. १९५६ साली पद्मभूषण, नंतर त्यांच्या जन्मदिवशी राष्ट्रीय क्रीडा दिवस, दिल्लीच्या स्टेडियमला नाव, २०२१ पासून खेलरत्न पुरस्काराला नाव, झाशीला टेकडीवर उंच पुतळा. धाकट्याच्या वाट्याला आले आपल्या गावातले एक स्टेडियम. तेही मुळात हॉकीसाठी होते. मग क्रिकेट आले. २२ जानेवारी १९८८ला भारत आणि वेस्ट इंडिजचा एकदिवसीय सामना झाला, १९९६च्या विश्वचषकात पुन्हा हेच दोन संघ इथे खेळले, दिवे लागले, खुर्च्या वाढल्या आणि हॉकीचे गोल निघून गेले. ज्याचे नाव फाटकावर त्याचा खेळ आत नाही, अशी विचित्र स्थिती झाली. याबद्दल तक्रार करावी असे मला पूर्वी वाटे. आता तेवढे वाटत नाही. क्रिकेटमुळे का होईना, नाव जगभर पोचले. सचिनच्या द्विशतकाची नोंद जिथे जिथे छापली जाईल तिथे रूपसिंगांचे नाव छापावेच लागेल.

पण हाही आधार आता थोडा सैल झाला आहे. ६ ऑक्टोबर २०२४ला भारत-बांगलादेश सामना शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर झाला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट तिकडे गेले. नव्या मैदानाला कैलासवासी माधवराव शिंद्यांचे नाव आहे. जुने मैदान आणि जुने नाव आपल्या ताब्यात उरले आहे. फाटकाजवळ चार ओळींचा एक फलक लागावा, त्यावर लॉस एंजलिस आणि बर्लिन ही दोन गावे, १९३२ आणि १९३६ ही दोन वर्षे आणि झाशी हीरोजचे नाव यावे, एवढे तरी आपल्यासारख्या मंडळांनी मिळून मागायला हरकत नाही. त्यांचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. तो बहुधा आपल्या गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो. उत्सवातल्या मुलांच्या स्पर्धांमध्ये त्या दिवशी एखादा हॉकीचा सामना ठेवता येईल. काठ्या मिळतील, मैदान मिळेल.

शिकवायलाही माणसे मिळतील. कंपूच्या क्रीडा संकुलात २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी चालते. सकाळी तिकडून गेलात तर निळ्या-हिरव्या टर्फवर पाण्याचे फवारे सोडलेले दिसतात आणि मुली धावताना दिसतात. खेड्यापाड्यांतून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुली. पाच जणांची आघाडी आता राहिली नाही, सामन्याच्या सुरुवातीची बुली गेली, ऑफसाइड गेले, काठीसुद्धा लाकडाची उरली नाही. पण सपाट बाजू अजून एकच आहे, आणि डावीकडून आत शिरणाऱ्या मुलीला अजूनही पाय पुढे काढून, कंबरेतून वळूनच गोलावर मारावे लागते.